एकाचा ब्लॉग, सगळ्या वॉर्डाचा विकी

वैद्यकीय आणि नर्सिंग महाविद्यालयांत रोज जे शिकवले जाते, त्यातले बरेचसे कुठेच नोंदले जात नाही. राउंडवर सरांनी दाखवलेले एखादे लक्षण, रात्री दोन वाजता रेसिडेंटने इंटर्नला सांगितलेली युक्ती, सलाइन लावताना सिस्टरांनी दिलेली सूचना, हे ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहते. तेही राहिले तर. उरलेले व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जाते आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली व परीक्षेच्या वेळापत्रकाखाली दोन दिवसांत गाडले जाते. दुसरीकडे लॉगबुक आहे. ते टर्मच्या शेवटच्या आठवड्यात मित्राचे पाहून भरले जाते आणि सह्यांसाठी स्टाफरूमच्या दारात रांग लागते, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही?

या दोन्ही दुखण्यांवर ब्लॉग आणि विकी उपयोगी पडतात. साधने जुनी आहेत. पहिला विकी वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केला, ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये आली आणि विकिपीडिया २००१ मध्ये. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गलक्यात त्यांचे नाव घेणे काहींना शिळेही वाटेल. पण फुकट मिळणारी, साध्या मोबाइलवर चालणारी आणि विद्यार्थ्याला स्वतः लिहायला लावणारी साधने आपल्याकडे फारशी नाहीत. हा लेख शिक्षकांसाठी आहे, ट्यूटर आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टर यांच्यासाठी आहे, आणि शिक्षक पुढाकार घेत नसतील तर स्वतःच चार मित्र जमवून सुरुवात करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. ब्लॉग आणि विकी यांची कामे वेगळी आहेत. ब्लॉगवर लिहिणारा एक असतो. प्रत्येक नोंदीवर त्याचे नाव आणि तारीख असते. परवा लिहिलेले आज चुकीचे वाटले तरी ते खोडायचे नसते, खाली नवी नोंद करायची असते. विचार कसा बदलत गेला तेच तिथे पाहायचे असते. विकीवर याच्या उलट. पान कोणा एकाच्या मालकीचे नसते, ज्याला चूक दिसेल त्याने ती दुरुस्त करायची असते, आणि वाचणाऱ्याला कायम आजची, तपासलेली माहिती दिसायला हवी असते. आधीचे सगळे मसुदे पानाच्या इतिहासात राहतात आणि हवा तो परत आणता येतो. म्हणून विद्यार्थ्याचे चिंतन विकीवर मागू नका आणि वॉर्डाची कार्यपद्धती ब्लॉगवर ठेवू नका. कार्यपद्धती ब्लॉगवर ठेवली, की तीन वर्षांपूर्वीची नोंद आणि आजची नोंद शेजारी शेजारी उभ्या राहतात. घाईतला इंटर्न त्यातली नेमकी जुनी उघडतो.

विद्यार्थ्याचा ब्लॉग

भारतात याचे ठळक उदाहरण तेलंगणातल्या नार्केटपल्ली इथले आहे. तिथल्या कामिनेनी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. राकेश बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आणि इंटर्नना ‘ई-लॉग’ लिहायला लावले. ब्लॉगरवरचे साधे फुकट ब्लॉग. रुग्णाची ओळख काढून टाकलेली, सहीची संमती घेतल्याचा उल्लेख सुरुवातीलाच, मग हिस्टरी, तपासणी, रिपोर्ट आणि दिवसागणिक बदलत गेलेली प्रकृती. एका रुग्णाबरोबर अनेक दिवस राहणे ही यातली मोलाची बाब. आपल्या नेहमीच्या केस प्रेझेंटेशनमध्ये रुग्ण एकदाच भेटतो, वीस मिनिटांसाठी, आणि निदान झाले की संपतो. निदानानंतर त्याचे काय झाले, औषध लागू पडले का, घरी गेल्यावर गोळ्या परवडल्या का, हे कोणी विचारत नाही. ई-लॉगमध्ये ते विचारावे लागते.

२०१९ पासून एमबीबीएसला सक्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला आणि त्यात लॉगबुक व चिंतनपर लेखन यांना जागा मिळाली. ‘रिफ्लेक्शन’ लिहा असे सांगितले जाते, पण म्हणजे नेमके काय लिहायचे हे सहसा कोणी दाखवत नाही. नर्सिंग शिक्षणात जॉन ड्रिस्कॉल यांनी रुळवलेले तीन प्रश्न इथे पुरतात: काय घडले, त्यातून काय कळते, आता मी काय करणार. प्रश्न सोपे आहेत, उत्तरे मात्र विद्यार्थी पोकळ देतात. ‘आज मधुमेहाचा रुग्ण पाहिला, खूप शिकायला मिळाले’ ही नोंद ब्लॉगवर ठेवली काय आणि न ठेवली काय, सारखेच.

चांगली नोंद कशी असते? समजा, विद्यार्थिनी लिहिते: मी काकांना विचारले, इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवता ना? ते म्हणाले, घरात फ्रीज नाही, ओल्या मडक्यात ठेवतो. मी मनात म्हटले, म्हणूनच साखर आटोक्यात नाही. संध्याकाळी वाचले तर कळले, की जिथे फ्रीज नाही तिथे मातीच्या भांड्याचा गारवा हा मान्य आणि उपयोगी पर्याय आहे. मग साखर वाढण्याचे कारण दुसरीकडे असणार. दुसऱ्या दिवशी त्यांना सुई टोचून दाखवायला सांगितले, तर ते रोज एकाच जागी टोचत होते आणि तिथली कातडी कठीण झाली होती. ही नोंद फार तर दीडशे शब्दांची होईल, पण तिच्यात गृहीतक आहे, वाचन आहे, रुग्णाकडे पुन्हा जाणे आहे. विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी असा एक नमुना दाखवा. सूचनांचे दोन कागद वाटण्यापेक्षा तो जास्त काम करतो.

आता शिक्षकाच्या वेळेचा हिशोब. तीस जणांच्या बॅचने दर आठवड्याला एकेक नोंद लिहिली आणि प्रत्येक नोंदीला दहा मिनिटे दिली, तर आठवड्याचे पाच तास झाले. ओपीडी, लेक्चर आणि परीक्षांची कामे सांभाळून हे कोणालाही जमणार नाही. बरेच उपक्रम इथेच मरतात. विद्यार्थी हौसेने लिहितात, सर वाचत नाहीत हे महिन्याभरात लक्षात येते, आणि मग पुन्हा तीच लॉगबुकची गत. तेव्हा दर पंधरवड्याला एकच नोंद ठेवा, बॅच दोन गटांत वाटा, एका आठवड्यात एकाच गटाने लिहावे. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून आधी एकमेकांचे वाचायला सांगा. शिक्षकाने प्रत्येक नोंदीवर परिच्छेदभर लिहायची गरज नाही. एक प्रश्न विचारला तरी चालतो. ‘मडक्यात तापमान किती राहत असेल?’ एवढा एक प्रश्न विद्यार्थिनीला आणखी तासभर वाचायला लावतो. ‘व्हेरी गुड, कीप इट अप’ लिहिणार असाल तर न लिहिलेलेच बरे.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चिंतन लिहून घेण्याची शंका आता प्रत्येक शिक्षकाला येते आणि ती रास्त आहे. पकडण्याची सॉफ्टवेअर शोधत बसण्यापेक्षा प्रश्न असा विचारा, की खाटेजवळ गेल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. रुग्णाने नेमके कोणते शब्द वापरले? कालच्या आणि आजच्या तपासणीत कोणता फरक तुम्हाला स्वतःला दिसला? नातेवाइकांनी काय विचारले आणि तुम्हाला उत्तर देता आले का? हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही, कारण ते वॉर्डात नव्हते.

वॉर्डाचा विकी

विकीची सुरुवात बहुतेक ठिकाणी चुकते ती विषयाच्या निवडीत. ‘हृदयविकार’, ‘क्षयरोग’ अशी पाने उघडली जातात, विद्यार्थी पाठ्यपुस्तकातले उतारे आणून टाकतात, आणि जे पुस्तकात आधीच चांगले लिहिलेले आहे त्याची वाईट नक्कल तयार होते. विकीवर असे लिहा जे पुस्तकात सापडत नाही आणि तुमच्या रुग्णालयात रोज लागते.

पहिल्या पानासाठी माझी शिफारस हिस्टरी घेताना लागणाऱ्या मराठी शब्दांची. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. केरळ, राजस्थान, दिल्ली इथून आलेले विद्यार्थी पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगला अडतात ते औषधशास्त्रावर नव्हे, तर आजीबाईंच्या बोलण्यावर. ‘अंगावरून जातंय’ म्हणजे काय, ‘मुरडा’ आणि ‘कळ’ यांत फरक कोणता, बाळाला ‘डबा’ झाला किंवा ‘पोट उडतंय’ असे आई सांगते तेव्हा न्यूमोनियाचा विचार का करायचा, ‘ढाळ’ म्हणजेच जुलाब. मराठी विद्यार्थीही यातले सारे जाणत नाहीत. कोल्हापूरच्या मुलाला गोंदियातला शब्द कळेलच असे नाही. प्रत्येकाने आपल्या गावाकडचे पाच शब्द आणावेत, शेजारी अर्थ आणि विचारायचा पुढचा प्रश्न लिहावा. दोन आठवड्यांत उपयोगी पान तयार होते, त्यात चुकीने कोणाला इजा होण्याचा धोका फार कमी असतो, आणि लिहिण्याची भीती मोडते. पुढच्या वर्षीची बॅच त्यात भर घालते, म्हणजे पान जिवंत राहते.

नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी दुसरा विषय हाताशीच आहे: प्रसूतिपश्चात वॉर्डातला सल्ला. बाळंतिणीच्या खाटेभोवती सासू, आई, मावशी यांची स्वतंत्र सल्लागार समिती बसलेलीच असते. चीक काढून टाका, बाळाला मध चाटवा, गुटी उगाळा, काजळ घाला, खाटेखाली शेगडी ठेवा, धुरी द्या. विद्यार्थिनींनी आठवडाभर हे सल्ले फक्त टिपून घ्यावेत, वाद न घालता. मग विकीवर प्रत्येक सल्ल्याचे एक उपशीर्षक करावे आणि तीन गोष्टी लिहाव्यात: घरच्यांना त्यातून काय हवे असते, शास्त्र काय सांगते, आणि आजींचा मान राखून हे कसे सांगायचे. चीकदूध पहिल्या तासातच का द्यायचे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझमचा धोका असतो म्हणून मध का नको. काही काजळांत शिसे सापडते. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा का लागत नाही. बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीचा धूर बाळ आणि बाळंतीण दोघांना कसा बाधतो. जिथे नुकसान नाही तिथे तसेही स्पष्ट लिहावे. डिंकाचे लाडू खाऊ द्यावेत, फक्त त्यावर भागवू नये.

तिसरा भाग, म्हणजे ‘सांगायचे कसे’, सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा. एखादी विद्यार्थिनी लिहील, ‘आजी, तुम्ही शेक द्या, पण शेगडी खोलीबाहेर ठेवून कापड गरम करून आणा.’ दुसरी त्यात बदल करील. तिसरी म्हणेल, आमच्याकडे हे चालणार नाही. ही चर्चा विकीच्या पानाशेजारच्या चर्चापानावर होऊ द्या. मूळ पानावर फक्त ठरलेले येऊ दे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ पासूनच्या बी.एस्सी. नर्सिंग सत्र पद्धतीत आरोग्य माहितीशास्त्र आणि तंत्रज्ञान हा विषय आहे. या कामाला वेळापत्रकात जागा हवी असेल तर ती तिथे सापडते.

कोरे पान कोणाला देऊ नका. ‘लिहा’ म्हटले की कोणी लिहीत नाही. आधीच उपशीर्षकांचा सांगाडा घाला, प्रत्येकाखाली एखादे अर्धवट किंवा मुद्दाम वादग्रस्त वाक्य ठेवा. दुसऱ्याचे वाक्य दुरुस्त करायला माणूस पटकन पुढे येतो, स्वतःचे लिहायला कचरतो. आपल्याकडे आणखी एक अडचण असते: सरांनी किंवा सीनियरने लिहिलेल्या वाक्याला हात लावायचा कसा? यावर उपाय एकच. विभागप्रमुखांनी पहिल्या आठवड्यात स्वतःचा मजकूर टाकावा आणि एखाद्या ज्युनियरने तो दुरुस्त केल्यावर सर्वांसमोर आभार मानावेत. हे एकदा घडले की गाडी पुढे जाते. न घडल्यास विकी म्हणजे सरांच्या नोट्सची साठवण होऊन बसते.

औषधांचे डोस हा वेगळा मामला. डोसची पाने सर्वांना उघडी ठेवू नयेत; बदल विद्यार्थ्याने सुचवावा आणि विभागातल्या ठरलेल्या व्यक्तीने तपासून मग तो पानावर घ्यावा. शक्य असेल तिथे डोस हाताने उतरवून न घेता अधिकृत मार्गदर्शिकेचा दुवा द्यावा. मराठी पानांवर आणखी एक धोका आहे आणि त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. देवनागरी एकचा आकडा घाईत इंग्रजी नऊसारखा वाचला जातो, देवनागरी चार इंग्रजी आठसारखा. लेखातले बाकीचे आकडे देवनागरीत असले तरी चालेल, पण डोस मात्र सगळ्या पानांवर एकाच प्रकारच्या अंकांत, आणि ‘मिलिग्रॅम’ व ‘मायक्रोग्रॅम’ पूर्ण लिहून. प्रत्येक पानाच्या शिरोभागी शेवटची तपासणी कोणी केली आणि कधी, हे असायलाच हवे. ज्या पानावर वर्षभरात तशी नोंद नाही ते पान काढून ठेवावे, भले त्यावर कितीही कष्ट झालेले असोत.

परक्या ब्लॉगवरून शिकताना

आपत्कालीन वैद्यकशास्त्रातल्या डॉक्टरांनी गेल्या दीड-दोन दशकांत ब्लॉगचा मोठा पसारा उभा केला. ऑस्ट्रेलियातला ‘लाइफ इन द फास्ट लेन’ हा त्यातला नावाजलेला. तो सुरू करणाऱ्यांपैकी माइक कॅडोगन यांनीच २०१२ मध्ये ‘फोम’, म्हणजे मुक्त वैद्यकीय शिक्षण, ही संज्ञा रूढ केली. क्ष-किरण आणि सीटी शिकण्यासाठी मेलबर्नच्या फ्रँक गेलार्ड यांनी २००५ मध्ये सुरू केलेला रेडिओपीडिया आहे. त्यावर कोणीही भर घालू शकतो आणि संपादक ती तपासतात. रेडिओलॉजीच्या रेसिडेंटला वेगळे सांगायला नको, तो तिथेच राहतो.

हे सारे वाचावे, पण लेखक कुठे बसून लिहितो आहे ते आधी पाहावे. सर्पदंश घ्या. ऑस्ट्रेलियन ब्लॉग दंश झालेल्या हातापायावर दाबपट्टी घट्ट गुंडाळायला सांगतात, आणि तिथल्या सापांसाठी ते योग्य आहे. आपल्याकडे घोणस आणि फुरसे यांच्या दंशाने जागेवरच सूज येते, मांस खराब होते. म्हणून आवळून न बांधता अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवा, रुग्णाला धीर द्या आणि लगेच रुग्णालय गाठा, यावर भर दिला जातो. रुग्णालयात वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करायची ती स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत. प्लॅस्टिकच्या नळीत ती फसवते. अशा गोष्टी परदेशी ब्लॉगवर सहसा सापडणार नाहीत, त्या आपल्या विकीवर असाव्या लागतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरच्या प्राझोसिनच्या उपयोगाबद्दल १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. ती निरीक्षणे कोकणातल्या रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नोंदलेली होती. इथल्या रोगांचे ज्ञान इथेच लिहिले गेले पाहिजे, ते दुसरीकडून आयात होत नाही.

रुग्णाची ओळख

यावर तडजोड नाही. ज्याला हा भाग जमणार नसेल त्याने ब्लॉग सुरू करू नये.

नाव काढले म्हणजे ओळख गेली, हा समज खोटा आहे. ‘अमुक तालुक्यातल्या अमुक गावचे ५२ वर्षांचे माजी सरपंच, बैलाने शिंग मारल्याने दाखल’ असे लिहिले, की तालुक्यात त्यांना न ओळखणारा माणूस शोधावा लागेल. ही बातमी बहुधा स्थानिक पेपरातही येऊन गेलेली असते. गाव, तारीख, व्यवसाय, जात आणि विरळा प्रसंग, यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस उघडा पडतो. गाव लिहू नका. वय दशकात द्या, म्हणजे ‘पन्नाशीतले गृहस्थ’. तारखेऐवजी ‘पहिला दिवस, तिसरा दिवस’ असे लिहा. आयपीडी नंबर, केसपेपरचा फोटो, डिस्चार्ज कार्ड यांतले काहीही नको. फोटोत फक्त डोळ्यांवर काळी पट्टी मारणे अजिबात पुरेसे नाही. हातावर गोंदलेले नाव, मनगटातला गंडा, मागे दिसणारा नातेवाइकाचा चेहरा हेही पाहा. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव छापलेले असते. पॉवरपॉइंटमध्ये ते कातरले तरी मूळ चित्र फाइलीत शिल्लक राहते आणि कोणीही ते परत उघडू शकतो. मोबाइलच्या फोटोत कुठे आणि कधी काढला याची माहिती दडलेली असते, आणि फाइलीचे नावच पुष्कळदा रुग्णाचे नाव असते.

संमती लेखी हवी, रुग्णाला कळणाऱ्या भाषेत हवी, आणि उपचारांच्या संमतीपासून वेगळी हवी. ‘इंटरनेटवर टाकणार’ म्हणजे काय हे मोबाइलवर प्रत्यक्ष ब्लॉग उघडून दाखवा. नाही म्हटले तरी उपचारांत फरक पडणार नाही हे सांगा, आणि ते खरे असू द्या. सरकारी दवाखान्यात डॉक्टरला नाही म्हणणे गरीब माणसाला किती जड जाते हे आपण जाणतो. म्हणून संमती विद्यार्थ्याने एकट्याने घेऊ नये, आणि रुग्ण वेदनेत किंवा घाबरलेला असताना तर मुळीच नको.

कायद्याची चौकटही माहीत असावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार, ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाहीत. एचआयव्हीबाधित व्यक्तीची माहिती उघड करण्यावर २०१७ च्या कायद्याने बंधने घातली आहेत. लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती, पोक्सोखालचे बालक आणि गर्भपात करून घेतलेली स्त्री यांची ओळख उघड करणे गुन्हा ठरू शकते. अशा केसेस ब्लॉगसाठी घेऊच नका, कितीही शिकण्यासारख्या असल्या तरी. गर्भाच्या सोनोग्राफीची चित्रे टाकताना लिंगाबाबत काहीही सूचित होणार नाही हे पाहा. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आता आहेच. संस्थाप्रमुखांची लेखी परवानगी आधी घ्या, आणि पुढे यावर संशोधनलेख लिहायचा विचार असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी सुरुवातीलाच घेऊन ठेवा, मागाहून ती मिळत नाही.

पहिले वर्ष सगळे बंद गटात चालवा, म्हणजे फक्त बॅच आणि शिक्षक यांनाच दिसेल असे. मात्र बंद गट म्हणजे सुरक्षित गट नव्हे. स्क्रीनशॉट कोणीही काढू शकतो. वरचे सगळे नियम तिथेही तसेच लागू. आणि वॉर्डातल्या सहकाऱ्यांची, दुसऱ्या युनिटची किंवा रेफर करणाऱ्या गावच्या डॉक्टरची निंदा ब्लॉगवर करू नये. रागात लिहिलेली नोंद एक रात्र तशीच ठेवून सकाळी पुन्हा वाचावी.

गुण द्यायचे का?

द्यावेत, पण थोडे. अंतर्गत मूल्यमापनातला छोटासा वाटा पुरे. काहीच गुण नसतील तर परीक्षा जवळ येताच लिहिणे थांबते; फार गुण ठेवले तर लिहिणे खोटे होते. विकीचा एक फायदा इथे मिळतो. गटकामात एकाने राबायचे आणि पाच जणांनी नाव लावायचे, ही जुनी रीत पानाच्या इतिहासात उघडी पडते, कारण कोणी कधी काय लिहिले ते ओळीओळीला दिसते. पण संपादनांची संख्या मोजून गुण देऊ नका. तसे केले की विद्यार्थी स्वल्पविराम टाकून दहा संपादने पूर्ण करतात. पाहायचे ते हे: चुकीचा मजकूर कोणी काढला, आधार कोणी जोडला, दुसऱ्याचे क्लिष्ट वाक्य कोणी सोपे केले. ब्लॉगमध्ये भाषेच्या चुकांवर गुण कापू नका. विद्यार्थ्याला मराठीत लिहायचे असेल तर मराठीत, इंग्रजीत लिहायचे असेल तर इंग्रजीत, आणि दोन्हींची सरमिसळ झाली तरी आकाश कोसळत नाही.

साधनांची निवड हा खरे तर सर्वांत कमी महत्त्वाचा प्रश्न, पण सभेत सर्वाधिक वेळ तोच खातो. महाविद्यालयात मूडल असेल तर त्यात विकीची सोय आहे, तीच वापरा. नसेल तर डोकुविकी महाविद्यालयाच्या साध्या सर्व्हरवर बसतो आणि त्याला वेगळा डेटाबेस लागत नाही. ब्लॉगसाठी ब्लॉगर किंवा वर्डप्रेस पुरतो. बॅकअप कोण घेणार आणि शिक्षकाची बदली झाली की पासवर्ड कोणाकडे राहणार, हे मात्र लिहून ठेवा. सरकारी महाविद्यालयांत बदलीबरोबर उपक्रमही गावाला जातो.

वर्षभर हात बसला की मग विकिपीडियाकडे वळता येईल. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात अमिन अझ्झाम यांनी २०१३ पासून चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विकिपीडियावरचे आरोग्यविषयक लेख सुधारण्याचे काम श्रेयांकासह दिले. त्यातल्या ४३ विद्यार्थ्यांच्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. ते लिहीत होते त्या महिन्यांतच त्यांचे लेख अकरा लाखांहून अधिक वेळा पाहिले गेले. इंग्रजी विकिपीडियावरचा डेंगीचा लेख तर तज्ज्ञांकडून तपासून घेऊन २०१४ मध्ये ‘ओपन मेडिसिन’ या नियतकालिकात छापला गेला. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, पण आरोग्याची पुष्कळ पाने अजून तोकडी आहेत. मोबाइलवर मराठीत लक्षणे शोधणाऱ्या माणसाला काय वाचायला मिळते ते एकदा स्वतः शोधून पाहा. तिथे स्वतःचा अनुभव किंवा रुग्णाची केस लिहायची नसते. आढावा-लेख, पाठ्यपुस्तके आणि अधिकृत मार्गदर्शिका यांच्या आधारानेच लिहायचे, आणि यंत्राने केलेले भाषांतर जसेच्या तसे चिकटवायचे नाही.

सुरुवातीसाठी परिपत्रकाची, समितीची किंवा उद्‌घाटन समारंभाची गरज नाही. पुढच्या पोस्टिंगची बॅच येईल तेव्हा एकच पान उघडा, शब्दांचे किंवा बाळंतिणीच्या सल्ल्याचे, आणि पहिले वाक्य तुम्ही स्वतः लिहा.